बाहेर न आलेल्यांची नोंद

४ मार्च, मंगळवार

माझी पाळत आता अंगवळणी पडली. पाळत माणसांवर नाही, प्रोसिजरांवर. थोरल्या बहिणीला, अक्काला, हे समजावता समजावता काल दोघींचं जेवण निवलं. म्हटलं, "अगं, डेटाबेस म्हणजे कोठार. आणि स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे त्या कोठारातच राहणारा मुरलेला कोठीवाला. त्याला बाहेरून फक्त हाक मारायची, अमुक गटाचं रक्त हवंय. तो आतल्या आत शोधतो, ताजं-शिळं पाहतो, जुळवतो आणि पिशव्यांचे नंबर आणून देतो."

"आणि तू काय करतेस?"

"तो किती वेळात परत येतो ते बघते."

"उशिरा आला तर ओरडा कुणाला?"

"मला."

"छान नोकरी निवडलीस," म्हणाली आणि माझी ताटली उचलून घेऊन गेली. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेली बाई, टाका घालते तो नेमका वर्मावर.

असो. मी या रुग्णालयात टायपिस्ट म्हणून लागले, आता निवृत्तीनंतर कंत्राटावर डेटाबेस सांभाळते. कॉलेजाचा उंबरा कधी ओलांडला नाही. पुस्तकं, चुका आणि लोकांची बोलणी, हे तीन गुरू. डेटाबेस स्वतःच आपल्या प्रोसिजरांचा हिशेब ठेवतो: कोण किती वेळा चाललं, किती वेळ घेतला. तो हिशेब मी दर पंधरा मिनिटांनी उचलते आणि तक्ता काढते. सगळ्या रेघा जमिनीला चिकटून, हिरव्यागार. रक्ताच्या जुळणीची रेघ तर इतकी गुणी की तिला दृष्ट लागेल.

आणि तरी रक्तपेढीच्या खिडकीवरची सिस्टर आज पुन्हा कुरकुरत आली. "मावशी, तुमचं ते चाक पडद्यावर फिरत राहतं आणि मग मरतं. 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं."

मी तिला तक्ता दाखवला. सगळ्यात रेंगाळलेली हाकसुद्धा चार सेकंदांत परतलेली.

"मग मी काय डोळे मिटून बसते तिथे?"

बोलले नाही, पण मनात आलं, नाचता येईना अंगण वाकडं. ही बटण दोनदा दाबत असणार.

७ मार्च, शुक्रवार

मोठ्या साहेबांनी तक्ता मोठा छापून व्हरांड्यात लावायला सांगितला. महिनाअखेरीस तपासणीची मंडळी येणार आहेत, त्यांना आल्या आल्या हिरवळ दिसावी. साहेब रुग्णालयाचा कारभार बघतात आणि त्यांना हिरव्या रंगाइतकं प्रिय काही नाही.

सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं, तिचा इंजिनियरही आला होता. भर उन्हाळ्यात टाय घालतो म्हणून सगळे त्याला कंठलंगोट म्हणतात. मुलगा गोड, पण धांदरट. तक्त्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, यात अर्ध्यात सुटलेल्या हाका कुठे दिसतात?"

मी म्हटलं, "अरे, सुटत असत्या तर दिसल्या असत्या ना!"

तो टाय चाचपत राहिला. "हो, तेही खरंच," म्हणाला. "कंपनीने मला यावर बोलायचं नाही असं सांगितलंय, म्हणून आपलं सहज विचारलं." कंपनी यांना काय काय सांगते, देव जाणे.

१० मार्च, सोमवार

वाईट झालं. शनिवारी दुपारी शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका बाईला दुर्मीळ गटाचं रक्त लागलं आणि ते पोचायला फार वेळ गेला. ती वाचली. पण सर्जनबाईंनी रक्तपेढीत येऊन असा आवाज चढवला की बाहेर बसलेले नातेवाईक उठून उभे राहिले. सिस्टर म्हणते, संगणकाला पुन्हा पुन्हा मागितलं, त्याने उत्तर दिलं नाही, शेवटी हाताने फ्रिज उपसला.

साहेबांनी मला विचारलं, "त्या वेळात मागणी आली होती का?"

पाहिलं. जुळणीचा आकडा त्या सगळ्या वेळात एकानेही वाढलेला नव्हता. तसं लिहून दिलं आणि खाली सही केली. दुपारी कळलं, सिस्टर निलंबित. चौकशी बसणार. खोटं बोलणं आणि निष्काळजीपणा, असे दोन आरोप.

मला वाईट वाटलं. पण जे आहे ते आहे. मी काय माझ्या मनाने आकडे वाढवू?

११ मार्च, मंगळवार

सिस्टर फाटकाशी थांबली होती. आत यायची तिला परवानगी नाही.

"मावशी, तुम्ही लिहून दिलंत की मी मागितलंच नाही?"

"मी लिहिलं की नोंद नाही."

"फरक काय?"

"आकडा खोटं बोलत नाही, बाई."

"मग मी बोलते," ती म्हणाली. "म्हणा ना, तोंडावर म्हणा. सतरा वर्षं त्या खिडकीत काढली मी. टेबलावर बाई पडलीय आणि मी बटण न दाबता काय नखं रंगवत होते?"

ती गेली. मागून पाहिली तर चप्पल एका पायात वळलेली, तशीच ओढत चालली होती.

घरी सांगितलं तर अक्का म्हणाली, "तू त्या खिडकीत कधी बसली आहेस का?"

"मला तिथे काय करायचंय? सगळं मला खाली दिसतं."

"अगं, गिऱ्हाईक म्हणतं बाहीत टोचतंय, तर मी सदरा टेबलावर पसरून बघत नाही. त्याच्या अंगावर घालून बघते."

आता ही मला शिकवणार. रागाने बोललेच नाही तिच्याशी. पण बाहीचं ते डोक्यात टोचत राहिलं, हे कबूल करायला हवं, निदान इथे तरी.

१३ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत वर गेले. साहेबांचा हुकूम होता, चौकशी संपेपर्यंत रक्तपेढीत कुणी लुडबुड करायची नाही. म्हटलं, हुकूम लुडबुडीवर आहे, बसण्यावर नाही. खिडकीवर बदली आलेला मुलगा चहाला गेलेला. आणि कंठलंगोट तिथे काहीतरी तपासून आपलं लॉगिन उघडंच टाकून गेला होता. एवढा शिकलेला आणि दार उघडं टाकून जातो! बोलणी खाणार माझी.

स्टुलावर बसले. आधी नेहमीचा गट मागितला. चाक अर्धं फिरलं आणि नंबर हजर. मग शनिवारच्या त्या बाईचा गट घातला, तिच्या रक्तातल्या अडचणींसकट.

चाक फिरलं. फिरत राहिलं. मी हात मांडीवर ठेवून बसले. समोर काचेपलीकडे एक म्हातारे गृहस्थ कागद घेऊन उभे होते, ते माझ्याकडे बघत होते आणि मी चाकाकडे. सांगायला काहीच नव्हतं त्यांना. मग चाक गेलं. "पुन्हा प्रयत्न करा." केला. पुन्हा तेच.

खाली धावत आले, म्हणजे माझ्या गुडघ्यांना जेवढं धावता येतं तेवढं. हिशेब उघडला. नेहमीच्या गटाची माझी एक हाक नोंदलेली. नंतरच्या दोन नाहीत. नाहीतच! मी स्वतः मारलेल्या हाका, माझ्या या बोटांनी, आणि डेटाबेस म्हणतो कोण तुम्ही?

देवडीवरचा पहारेकरी बाहेर पडणाऱ्यांचीच डोकी मोजतो. जो आत गेला आणि आतच राहिला, तो त्याच्या लेखी कधी आलाच नाही. पडदा अर्धा मिनिट वाट बघतो आणि कंटाळून हाक तोडतो. तुटलेली हाक हिशेबात धरत नाहीत. म्हणजे कारभार जेवढा वाईट, तेवढा माझा तक्ता हिरवा.

आणि मी त्या बाईला म्हटलं, आकडा खोटं बोलत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

छपाईच्या यंत्रावर कंठलंगोटचा एक कागद पडला होता. तो नेहमी काहीबाही छापतो आणि न्यायला विसरतो. डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेतलं पान. त्यात स्वच्छ लिहिलंय की हा हिशेब पूर्ण झालेल्या कामांचाच असतो. त्या ओळीखाली रेघही मारलेली. योग बघा, नेमकं तेच पान! त्याला परत द्यायला गेले तर म्हणाला, "असू दे मावशी, माझं काम झालं."

कागद घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, माझी सही परत घ्यायची आहे.

"सही परत घ्यायला ती काय छत्री आहे?" साहेब म्हणाले. "तक्ता वरपर्यंत गेलाय. तपासणी तोंडावर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"साहेब, मूठ झाकलेली राहील, पण आत माणसं गुदमरतायत."

"तुमचं कंत्राट महिनाअखेरीला नवं व्हायचंय, ना?"

"व्हायचंय. न झालं तर अक्काकडे काजं-बटणं करीन. हात अजून चालतात."

ते हसले नाहीत. प्रोसिजर दुरुस्त करते म्हटलं तर तपासणी होईपर्यंत चालत्या यंत्रणेला हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम मिळाला. ठीक आहे. यंत्रणेला हात लावायचा नाही, भिंतीला लावता येईल. खिडकीवर ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवली: दुर्मीळ गट मागताना चाक फिरत राहिलं तर थांबू नका. सरळ फ्रिज उघडा, आणि मला फोन करा. खाली माझा नंबर.

१७ मार्च, सोमवार

चिठ्ठी कुणीतरी फाडली होती. दुसरी लावली. दुपारी तीही गेली. तिसरी काचेला आतून लावली आणि वर पारदर्शक पट्टी मारली. आता काच फोडा म्हणावं.

पाळतीची रीत बदलली. बाहेर कोण आलं ते सोडून दिलं, आत्ता आत कोण आहे तेवढंच बघत बसायचं. यासाठी यंत्रणेला हात लावावा लागत नाही, नुसतं डोकवायला डेटाबेस परवानगी देतो. दर काही क्षणांनी डोकावते. आणि दिसायला लागले एकेक! आत शिरलेले, घुटमळलेले, आणि मग एकदम नाहीसे. असं काही नाहीसं झालं की मी खिडकीवर फोन करते, "आत्ता काय मागत होतास? घे, मी इथून शोधून देते." बदलीचा मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्हाला कसं कळतं?" म्हटलं, "मला काही कळत नाही, म्हणून तर बघत बसलेय."

रोगही सापडला. डेटाबेस पहिल्या हाकेच्या वेळी शोधायची वाट आखतो आणि मग सगळ्यांना त्याच वाटेने पाठवतो. पहिला आला नेहमीचा गट, ज्याच्या पिशव्या ढिगाने. दुर्मीळ गटाचं शोधायचं तंत्रच वेगळं. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकाच्या मापाने गावभर सदरे शिवायचे. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "असल्या शिंप्याला मी दारात उभं केलं नसतं." आम्ही बोलायला लागलोय. तिने बाहीचा विषय काढला नाही. मोठेपण आहे तिचं.

दुरुस्ती लिहून तयार आहे. एका ओळीची. हुकूम उठला की लावायची.

१८ मार्च, मंगळवार

चौकशी उद्या सकाळी, व्हरांड्याच्या टोकाच्या सभागृहात. मला बोलावणं नाही. माझा सहीचा कागद पुरेसा आहे म्हणे. हे कळलं तेही कंठलंगोटच्या वेंधळेपणामुळे. कंपनीला आलेलं पत्र त्याने चुकून मला पाठवलं. फोन करून सांगितलं, "अरे बाबा, पत्ता बघून पाठवत जा." तो म्हणाला, "सॉरी मावशी. सभागृहातला संगणक मी सुरू करून ठेवतोय, त्यावर रक्तपेढीचं मागणीचं पानही चुकून उघडं राहिलंय. घाईत आहे, नंतर काढीन." कसं होणार या पोराचं?

भीती वाटते आहे. लपवून काय करायचं? या वयात कुणी दाराबाहेर काढलं तर चारचौघांत कसं दिसेल, असलं काहीतरी मनात येतं. मग फाटकाशी उभी असलेली ती आठवते. तिला काढलंच आहे, आणि ते माझ्या सहीने.

१९ मार्च, बुधवार

न ठोठावता आत गेले. लांब टेबल. साहेब, सर्जनबाई, आणि वरून आलेले एक अधिकारी. सिस्टर भिंतीलगत खुर्चीच्या कडेवर बसलेली.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला बोलावलेलं नाही."

"माझ्या सहीला बोलावलंय. मी तिच्यासोबत आलेय."

अधिकाऱ्यांनी हात केला, बोला. मी तक्त्याबद्दल, पहारेकऱ्याबद्दल सांगितलं. साहेब मध्येच म्हणाले, "स्वतःच्याच तक्त्यावर विश्वास नाही तुमचा? इतके दिवस तर मिरवत होतात."

"मिरवत होते. लाज वाटते आता. पण शेण खाल्लं मी आणि तोंड धुवायला लावताय हिला?"

सर्जनबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, "माझं पेशंट टेबलावर होतं. मला गोष्टी नकोत. हिने मागितलं की नाही, एवढंच सांगा."

"बाई, तुम्हीच मागा," मी म्हटलं. "त्या शनिवारचाच गट. ही नुसती शोधाशोध आहे, काही बिघडत नाही. आणि कुणाची मागणी अडली तर खिडकीवर मुलगा बसलाय, त्याला सांगून आलेय."

त्या उठल्या. भिंतीवरच्या पडद्यावर कंठलंगोटने उघडं टाकलेलं मागणीचं पान होतंच. त्यांनी स्वतःच्या हाताने सगळं भरलं आणि बटण दाबलं.

चाक फिरायला लागलं.

अर्धा मिनिट म्हणजे किती, हे त्या खोलीत सगळ्यांना एकदम कळलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. अधिकारी खोकले. सर्जनबाईंची बोटं टेबलावर वाजायला लागली, आधी हळू, मग जोरात. शेवटी त्या ओरडल्याच, "अरे, काय करतंय हे?"

सिस्टर पहिल्यांदाच बोलली. "हेच करत होतं, बाई."

चाक मेलं. "पुन्हा प्रयत्न करा."

मी जुना तक्ता उघडला, तोच हिरवा, आणि जुळणीचा आकडा दाखवला. जिथे होता तिथेच. म्हटलं, "सर्जनबाई, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही आत्ता काहीच मागितलं नाहीत. बटण दाबलं म्हणताय ते खोटं आहे. लिहून देऊ? सही करते खाली."

सर्जनबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग वळून सिस्टरकडे बघितलं, बराच वेळ.

दुरुस्तीची परवानगी तिथल्या तिथे मिळाली. ओळ लावली, सर्जनबाईंनी पुन्हा बटण दाबलं, आणि त्यांचं बोट उचलायच्या आत नंबर आले. मला आनंद झाला नाही. इतकं सोपं होतं, याचाच राग आला.

२१ मार्च, शुक्रवार

सिस्टरला कामावर घेतलं. पण कसं? 'निष्काळजीपणाबद्दल ताकीद देऊन.' म्हणजे उपकार! खोटेपणाचा आरोप पुसला, दुसरा शेरा तिच्या सेवेच्या कागदावर ठेवला. साहेब म्हणाले, "अगदीच काही नाही असं कसं दाखवणार? चौकशी उगाच बसवली असं होईल."

"उगाचच बसवलीत."

"बाई, तपासणीच्या अहवालावर तुमची सही हवीय. नको तिथे ताणू नका."

"देते की. त्यात लिहीन, त्या शनिवारी रक्त उशिरा पोचलं कारण जुळणी आतच अडकली, आणि ते मला दिसलं नाही कारण मी चुकीच्या ठिकाणी बघत होते. एका कागदावर हे आणि दुसऱ्यावर तिची ताकीद. तपासणीवाले दोन्ही वाचतील. वाचता येतं ना त्यांना?"

"आणि नाही लिहिलंत तर कंत्राट..."

"ते तुमच्यापाशी ठेवा, साहेब."

बाहेर पडले. जिन्यावर सर्जनबाई भेटल्या. सगळं ऐकून घेतलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. दार लागलं. आतून आवाज आले, त्यांचेच जास्त. संध्याकाळी सिस्टरच्या कागदावरचा शेरा रद्द झाला, खाली सर्जनबाईंची सही, शाई कागदात रुतलेली.

२४ मार्च, सोमवार

व्हरांड्यात नवा तक्ता लावला. त्यात आत शिरलेले आणि बाहेर आलेले, दोन रेघा. दोन्हींमधली फट लाल रंगवलीय. साहेब येता-जाता तिकडे न बघता चालतात, त्यामुळे त्यांची मान एका बाजूला वळलेली दिसते. कंत्राटाचं अजून काही बोलले नाहीत. मीही विचारणार नाही. कंठलंगोटची दुसऱ्या गावी बदली झाली म्हणे. एवढा निष्काळजी मुलगा, कंपनीनेही किती दिवस सांभाळावं? पण जाताना माझ्या पाया पडला, का कोण जाणे. मलाही भरून आलं.

सकाळी सिस्टरकडे गेले. माफी मागितली, सरळ, आढेवेढे न घेता. ती पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होती.

"मावशी, तुम्ही माझ्यासाठी भांडलात, सगळे सांगतात. पण माझा राग गेलेला नाही."

"इतक्यात जाऊही नये."

"आधी मला विचारायला हवं होतंत. एकदा वर येऊन."

"हो."

"हो काय नुसतं?"

"दुसरं काय म्हणू? हवं होतं."

तिने पुढची चिठ्ठी लावली. मी खाली आले.

दुपारी फोन वाजला. तिचा आवाज कोरडाच. "मावशी, परत आलेल्या पिशव्यांची नोंद करतेय, तिथलं चाक फिरतंय. तुमच्या तक्त्यात दिसत असेल नाही तर नसेल."

पडदा माझ्या पुढ्यातच उघडा होता. त्याच्याकडे पाठ केली आणि जिना चढायला लागले.